एका ओळीत नेमकं काय मोजतात: टॉवेल कारखान्याच्या सर्व्हरवरच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. टेरी टॉवेल कारखान्याची सर्व्हर खोली.

यंत्रं: लिनक्स सर्व्हर एक, ८ कोअर, ३२ जीबी रॅम, उबुंटू २२.०४. पुढे अपाची (वेब सर्व्हर), मागे टॉमकॅट ९ (जावा प्रोग्राम चालवणारा सर्व्हर), त्यात ओपनजेडीके ११ (जावा) वर उत्पादन-नोंदीचं सॉफ्टवेअर, डेटाबेस पोस्टग्रेस १४. दुसरा विंडोज सर्व्हर २०१९, ८ कोअर, हिशेब आणि माल-पाठवणीसाठी, त्यावर एसक्यूएल सर्व्हर.

काम: पाळीवरचा ऑपरेटर दर चार तासांनी सर्व्हर वही भरतो. त्या वहीतले प्रोसेस (चालू प्रोग्राम), थ्रेड (त्याच्या आत एकाच वेळी चालणारी कामं) आणि मेमरीचे रकाने दुरुस्त करायचे, आणि इशारा देणारी एक छोटी स्क्रिप्ट बसवायची.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या. कॅपिटल अक्षराला 'मोठा' म्हटलं आहे.

३ मार्च २०२५

मागच्या महिन्याची वही तपासली. २६ फेब्रुवारीची नोंद: 'जावा प्रोसेस ९६, मेमरी ३९४ जीबी. रॅम वाढवणे.' यंत्रात रॅम आहे ३२ जीबी.

ऑपरेटरने बेरीज चुकवलेली नाही. एचटॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या साधनाच्या पडद्यावर जावाच्या ९६ ओळी होत्या, प्रत्येकीसमोर रेस रकान्यात (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) ४.१ जीबी होते, ९६ गुणिले ४.१ म्हणजे ३९३.६. गणित बरोबर, ओळीचा अर्थ चुकला. एचटॉप मूळच्या सेटिंगमध्ये प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र ओळ देतं. जावाची प्रोसेस एकच होती आणि तिच्यात ९६ थ्रेड होते. थ्रेडना स्वतःची वेगळी मेमरी नसते, सगळे एकाच प्रोसेसची मेमरी वापरतात, म्हणून तोच ४.१ चा आकडा ९६ वेळा छापला जातो.

ऑपरेटरना समजवायला मागाच्या शेडचं उदाहरण लगेच लागू पडलं. एका शेडमध्ये २४ माग, वीजमीटर एक. प्रत्येक मागासमोर शेडचं पूर्ण बिल लिहून २४ ओळींची बेरीज केली तर कारखाना त्याच महिन्यात बुडालेला दिसेल. शेड म्हणजे प्रोसेस, माग म्हणजे थ्रेड, मीटर म्हणजे रेस.

एचटॉपमध्ये बदल: एफ२, डिस्प्ले ऑप्शन्स, 'हाइड युजरलँड प्रोसेस थ्रेड्स' वर खूण. तात्पुरतं पाहायचं असेल तर शिफ्ट धरून एच. शिफ्ट धरून के दाबलं की कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) थ्रेड लपतात किंवा दिसतात. सेटिंग प्रत्येक युजरच्या होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये एचटॉपआरसी नावाच्या फाइलीत जातं, म्हणजे तिन्ही पाळ्यांच्या लॉगिनला वेगवेगळं करावं लागलं. एचटॉप उघडं असताना ती फाइल हाताने बदलू नये. बंद होताना एचटॉप आपली प्रत वर लिहितं आणि बदल पुसला जातो. पहिल्या लॉगिनला हेच झालं.

याच आवृत्तीतला, ३.०.५ मधला, आणखी एक सापळा: थ्रेड दिसत असताना मुख्य ओळीत पूर्ण प्रोसेसचा सीपीयू येतो आणि खालच्या ओळींत प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा. दोन्ही मिळवले तर दुप्पट. टॉप या दुसऱ्या साधनात तसं होत नाही, तिथे थ्रेड-दृश्यात मुख्य ओळही फक्त आपल्यापुरती असते.

४ मार्च

तिन्ही साधनं एकाच वेळी उघडून आकडे टिपले:

टॉप, साधं दृश्य: टास्क्स २३१.
टॉप, मोठा एच दाबल्यावर: थ्रेड्स ४३८.
एचटॉप, कर्नल थ्रेड लपवून: टास्क्स ७१, थ्रेड २०७.
प्रॉक फोल्डरमधली लोडॅव्हजी फाइल, चौथा रकाना: २/४३८.

सगळे खरे आहेत. ७१ युजर प्रोसेस आणि १६० कर्नल थ्रेड मिळून २३१. एचटॉपचे २०७ हे प्रत्येक प्रोसेसचा पहिला थ्रेड सोडून उरलेले. ७१, २०७ आणि १६० मिळवले की ४३८. लोडॅव्हजीतला तिरप्या रेषेनंतरचा आकडा थ्रेडचा आहे, प्रोसेसचा नाही. एका आज्ञेत खरी थ्रेडसंख्या हवी असेल तर ही फाइल कॅट आज्ञेने वाचावी, याहून स्वस्त काही नाही.

हे असं का, ते थोडक्यात. लिनक्स कर्नलला आतून प्रोसेस आणि थ्रेड असे दोन प्राणी माहीत नाहीत, त्याच्यासाठी सगळे टास्क. प्रत्येक टास्कला क्रमांक असतो, आणि एकाच मेमरीत राहणाऱ्या टास्कच्या गटाला गटक्रमांक असतो, त्याला टीजीआयडी म्हणतात. आपण ज्याला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) म्हणतो तो खरं तर हा गटक्रमांक. गटातल्या पहिल्या थ्रेडचा क्रमांक आणि गटक्रमांक सारखाच. २००३ च्या आधी, लिनक्सथ्रेड्स या जुन्या पद्धतीत, प्रत्येक थ्रेड वेगळा पीआयडी घेऊन पीएस या आज्ञेच्या यादीत यायचा. एनपीटीएल ही नवी पद्धत आणि २.६ कर्नल आल्यावर गट एका ओळीत मिटला. जुन्या लेखांतले 'पीएसमध्ये जावा पन्नासदा दिसतं' हे वाक्य त्या काळचं आहे.

पीएसमध्ये थ्रेड पाहायचे तर पीएस -ई मोठा एल एफ. त्यात एलडब्ल्यूपी हा थ्रेडचा क्रमांक आणि एनएलडब्ल्यूपी ही त्या प्रोसेसमधली थ्रेडसंख्या. पीएस -मोठा टी वापरलं तर तोच क्रमांक एसपीआयडी नावाने येतो, कर्नलच्या लेखी तो टीआयडी. एका माणसाला घरात एक, गल्लीत दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं नाव असावं तसं.

टॉपमध्ये मात्र नावच चुकीचं आहे. मोठा एच दाबल्यावर पीआयडी या रकान्यात थ्रेडचा क्रमांक येतो, शीर्षक तेच राहतं. मूळ प्रोसेस कळायला एफ दाबून टीजीआयडी हा रकाना चालू करावा लागतो आणि मोठा डब्ल्यू दाबून सेटिंग जतन करावं लागतं. हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं, कारण धोका इथेच आहे: त्या दृश्यातून एखाद्या 'अडकलेल्या' ओळीचा क्रमांक उचलून किल -९ (सक्तीने संपवण्याची आज्ञा) दिलं, तर लिनक्स त्या थ्रेडच्या पूर्ण गटाला संपवतो. एक थ्रेड काढला असं वाटतं आणि सगळा टॉमकॅट आडवा होतो. चाचणी यंत्रावर करून पाहिलं, तसंच घडलं.

७ मार्च

सीपीयू टक्केवारी. वहीत हा आकडा कधी पीएसवरून, कधी टॉपवरून लिहिलेला, म्हणून एका पानावर ३ आणि पुढच्यावर १०४.

पीएसचा आकडा म्हणजे प्रोसेस सुरू झाल्यापासूनचा सरासरी: वापरलेला सीपीयू वेळ भागिले उलटलेला वेळ. जावा दहा तास शांत बसला आणि शेवटची वीस मिनिटं एक कोअर पूर्ण खात असला, तरी पीएस सांगणार ३.२. टॉपचा आकडा मागच्या ताजेपणापासूनचा, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये तीन सेकंदांचा. 'आत्ता काय चाललंय' याचं उत्तर पीएसकडे मागू नये. स्क्रिप्टमधून टॉप बॅच पद्धतीने चालवायचं असेल तर -बी -एन २ देऊन दुसरा फेरा वाचावा, पहिल्याला तुलनेसाठी मागचा आकडाच नसतो. पिडस्टॅट -टी -पी पीआयडी ५ हे त्याहून सोपं, दर पाच सेकंदांनी प्रत्येक थ्रेडची ओळ छापतं. ते सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतं, वेगळं टाकावं लागलं.

१०० च्या वरचा आकडा हा बिघाड नाही. टॉपमध्ये १०० म्हणजे एक कोअर, या यंत्रावर ८०० पर्यंत जागा आहे. मोठा आय दाबला की तोच आकडा आठाने भागून दिसतो. एका पाळीतल्या कुणाकडून ही कळ दाबली गेली आणि मोठ्या डब्ल्यूने जतन झाली, त्यामुळे त्या लॉगिनवर १०४ चं १३ झालं होतं. सगळीकडे मूळ पद्धत ठेवली.

१० मार्च

अपाची. इथे पडदा सरळ वाचता येतो. उबुंटूच्या मूळ इव्हेंट सेटिंगमध्ये सुरुवातीला दोन मुलं (चाइल्ड प्रोसेस), प्रत्येकात २५ कामगार थ्रेड. सिस्टमसीटीएल स्टेटस अपाची२ मध्ये 'टास्क्स: ५५' दिसतं. हिशेब: मालक प्रोसेस १, आणि प्रत्येक मुलात २५ कामगार, एक ऐकणारा, एक त्या मुलाचा मुख्य थ्रेड, मिळून २७. दोन मुलं म्हणजे ५४, अधिक १. पीएसट्री हेच झाडासारखं काढतं, थ्रेड महिरपी कंसात: दोन मुलं, प्रत्येकाखाली २६ कंसातले. २७ ऐवजी २६ का, तर मुलाचा मुख्य थ्रेड म्हणजेच ती फांदी.

सेटिंगमध्ये कमाल कामगार १५० आहेत, म्हणजे सहा मुलं. त्यामुळे स्थिर अवस्थेत टास्कचा आकडा ५५, ८२, १०९, १३६ किंवा १६३ यांपैकीच येणार (आणि कधी मुलं एकवर आली तर २८). मधला कुठला तरी आकडा दिसला तर एखादं मूल निवृत्त होत आहे आणि त्यातले थ्रेड एकेक करून काम संपवून जात आहेत. तो दहा मिनिटांनीही तसाच असेल तर एखादी विनंती अडकली आहे. १६३ वर टेकून राहिला तर नवे ग्राहक दाराशी रांगेत असू शकतात. या यंत्रावर पीएचपीचं मॉड्यूल नाही. ते टाकलं असतं तर अपाची प्रीफोर्क पद्धतीवर गेलं असतं, एका मुलात एकच थ्रेड, आणि वरचा सगळा पाढा निरुपयोगी.

११ मार्च

पोस्टग्रेस याच्या अगदी उलट चालतं: थ्रेड नाहीत, प्रत्येक जोडणीला आख्खी प्रोसेस. आवृत्ती १४ मध्ये रिकाम्या सर्व्हरवरही सात ओळी असतात: मुख्य, चेकपॉइंटर, बॅकग्राउंड रायटर, वॉल रायटर, ऑटोव्हॅक्यूम लाँचर, स्टॅट्स कलेक्टर आणि लॉजिकल रेप्लिकेशन लाँचर. टॉमकॅटच्या २० जोडण्या धरून २७. (१५ मध्ये स्टॅट्स कलेक्टर काढून टाकला आहे, पुढे अपग्रेड झालं की हा आकडा एकाने उतरेल.)

टॉपमध्ये सी दाबलं की प्रत्येक ओळीत युजर, डेटाबेस, पत्ता आणि चालू अवस्था वाचता येते: आयडल, सिलेक्ट, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. या शेवटच्या शब्दांची ओळ तासभर तशीच असेल तर कुलूप धरून कुणीतरी चहाला गेलं आहे. ओळीतला पीआयडी पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीतल्या पीआयडीशी तंतोतंत जुळतो, मधे कुठलं भाषांतर लागत नाही. संपवायचं तर पीजी-टर्मिनेट-बॅकएंड. किल -९ इथेही नको: एक बॅकएंड (जोडणीची प्रोसेस) असा मेला की मुख्य प्रोसेस सामायिक मेमरी बिघडली असेल असं धरून बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडते आणि रिकव्हरी करते.

मेमरीची बेरीज इथे वेगळ्या कारणाने फसते. ओळी खऱ्याच वेगवेगळ्या प्रोसेस आहेत, पण शेअर्ड बफर्सचे ८ जीबी सामायिक आहेत आणि ज्या प्रोसेसने त्यातला जेवढा भाग हाताळला तेवढा तिच्या रेसमध्ये धरला जातो. २७ ओळींच्या रेसची बेरीज ४३ जीबी आली. मग प्रत्येक प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलीतली पीएसएस ही ओळ घेऊन बेरीज केली, ६.४ जीबी. पीएसएस सामायिक पान वापरणाऱ्यांत वाटून टाकतं, म्हणून तीच बेरीज ग्राह्य. वाचायला रूट लागतो. मोठ्या प्रोसेसवर हे वाचन हलकं नाही, म्हणून तासातून एकदा पुरे.

१७ मार्च

थ्रेडची नावं. जावा ११ थ्रेडची नावं कर्नलला कळवतं, त्यामुळे टॉपच्या थ्रेड-दृश्यात 'जीसी थ्रेड#०', 'व्हीएम थ्रेड' अशा वाचनीय ओळी येतात. पण कर्नल नावासाठी १६ बाइट ठेवतो, शेवटचा बाइट समाप्तीचा, म्हणजे हाती पंधरा अक्षरं. टॉमकॅटच्या कामगाराचं नाव 'एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक-७'. इंग्रजीत मोजलं तर पंधरावं अक्षर 'एक्झेक'चं पहिलं ई आहे. तिथेच कात्री लागते, आणि क्रमांक त्याच्या पुढे आहे. परिणामी पडद्यावर एका ठशाच्या पंचवीस ओळी. जोडणी स्वीकारणारा थ्रेड मात्र वेगळा ओळखू येतो, कारण त्याचं पंधरावं अक्षर ए आहे.

उपाय: टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये एक्झिक्युटर (कामगार थ्रेडचा सामायिक ताफा) जाहीर करून कनेक्टर (विनंत्या घेणारा भाग) त्याला जोडला. एक्झिक्युटरचं मूळ उपपद 'टॉमकॅट-एक्झेक-' इंग्रजीत बारा अक्षरांचं, त्यापुढे तीन अंकांना जागा उरते. २०० कामगारांना पुरून उरलं. लक्षात ठेवायचं: एक्झिक्युटर जोडल्यावर कनेक्टरवर लिहिलेला मॅक्सथ्रेड्सचा आकडा पाळला जात नाही, तो एक्झिक्युटरवर लिहावा लागतो. संध्याकाळी ७ वाजता टॉमकॅट पुन्हा सुरू केला, थ्रेड ९६.

गरम थ्रेड (सर्वांत जास्त सीपीयू खाणारा) पकडण्याची कृती, वहीसाठी:

टॉप -मोठा एच -पी आणि जावाचा पीआयडी. सर्वांत वरच्या ओळीचा क्रमांक टिपा, समजा ६७०२. तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) बदला, प्रिंटएफ '%एक्स' ६७०२, उत्तर १ए२ई. टॉमकॅटच्याच युजरने जेस्टॅक (जावाचा प्रत्येक थ्रेड काय करतो आहे ते छापणारी आज्ञा) चालवा, रूटने नव्हे. निकालात 'एनआयडी=०एक्स१ए२ई' शोधा, त्याखालच्या ओळींत तो थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते येतं. दहा सेकंदांच्या अंतराने तीनदा करा. एकदाच काढलेला स्टॅक म्हणजे धावत्या एसटीचा फोटो, गाडी चालू होती की थांब्यावर उभी ते त्यातून कळत नाही. जेस्टॅक अडलं तर किल -३, त्याने जावा बंद पडत नाही, स्टॅक टॉमकॅटच्या आउटपुट लॉगमध्ये येतो.

जावाच्या पहिल्या थ्रेडची, म्हणजे पीआयडी आणि टीआयडी सारखे असलेल्या थ्रेडची, ओळ नेहमी शून्यावर झोपलेली असते. जावा सुरू करणारा छोटा प्रोग्राम खरा मुख्य थ्रेड वेगळा काढतो आणि स्वतः वाट पाहत बसतो. तिकडे पाहून 'जावा काही करत नाही' असा शेरा मारू नये.

२० मार्च

विंडोज सर्व्हर. तक्रार होती की हिशेबाचा अहवाल सरकत नाही, आणि 'सीपीयू तर फक्त १३ टक्के आहे.'

टास्क मॅनेजर पूर्ण यंत्राला १०० धरतो. आठ कोअरवर एक थ्रेड पूर्ण ताकदीने चालला तर १२.५ टक्के, पूर्णांकात १२ किंवा १३. लिनक्सच्या टॉपने याच गोष्टीला १०० म्हटलं असतं. म्हणून या यंत्रावर १३ वर खिळलेला आकडा म्हणजे निवांतपणा नव्हे, एक थ्रेड पूर्ण ताकदीने धावतो आहे, याहून जास्त त्याला जमणार नाही.

एसक्यूएल सर्व्हर एकच प्रोसेस, सगळं आत थ्रेडवर. टास्क मॅनेजर थ्रेड उघडून दाखवत नाही, फक्त मोजतो: डिटेल्स पान, शीर्षकावर उजवं क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, थ्रेड्स. आत पाहायला सिसइंटर्नल्सचं प्रोसेस एक्सप्लोरर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, प्रोसेसवर डबल क्लिक, थ्रेड्स पान, सीपीयूनुसार क्रम. वरचा टीआयडी ७३१६. एसक्यूएलमध्ये सिस-प्रोसेसेस या दृश्यात केपीआयडी रकाना हाच विंडोजचा थ्रेड क्रमांक असतो. ७३१६ शोधला, एसपीआयडी (इथे सेशनचा क्रमांक, पीएसमधला थ्रेडचा नव्हे) ६३ मिळाला, मग डीबीसीसी इनपुटबफर ६३ ने क्वेरीचा मजकूर. खतावणीचा जुना अहवाल, तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावल्यामुळे इंडेक्स वापरला जात नव्हता. अट फंक्शन काढून लिहिली.

शोध चटकन घ्यावा. सेशन झोपलं की केपीआयडी शून्य होतो, आणि तोच थ्रेड पुढच्या क्षणी दुसऱ्याच सेशनचं काम करत असतो. समांतर क्वेरी असेल तर एकाच एसपीआयडीच्या अनेक ओळी येतात, प्रत्येकीचा केपीआयडी वेगळा.

२४ मार्च

दुपारी २.१० ला लोड अ‍ॅव्हरेज २३.४, आणि सीपीयू ९५ टक्के मोकळा. माग-शेडमधला वीजपुरवठा ट्रिप झाला होता, तिथे ठेवलेला नॅस (नेटवर्कवरची साठवण) बंद. लेबलांच्या पीडीएफ त्या नॅसवर एनएफएसने लिहिल्या जातात.

लिनक्सचा लोड फक्त सीपीयूच्या रांगेचा नाही. धावणारे, धावायला तयार असलेले, आणि डी अवस्थेत म्हणजे न हलवता येणाऱ्या प्रतीक्षेत असलेले, असे सगळे थ्रेड त्यात धरले जातात. मेमरी किंवा सीपीयू वाढवून हा आकडा उतरणार नव्हता.

टॉपच्या साध्या दृश्यात जावाच्या ओळीवर अवस्था एस होती, म्हणजे साधी झोप. डी कुठेच नाही, अपवाद फक्त बॅकअपच्या तीन आरसिंक प्रोसेस. पाळीवरच्या ऑपरेटरने बरोबर प्रश्न विचारला: तेवीस कुठले? प्रोसेसच्या ओळीवर जी अवस्था येते ती पहिल्या थ्रेडची, आणि जावाचा पहिला थ्रेड तर कायमच झोपलेला. मोठा एच दाबल्याबरोबर टॉमकॅट-एक्झेकच्या वीस ओळी डी घेऊन वर आल्या. तीन आणि वीस, हिशेब जुळला. आज्ञेने पाहायचं तर पीएस -ई मोठा एल ओ स्टॅट,टीआयडी,डब्ल्यूचॅन:३०,कॉम, आणि डी ने सुरू होणाऱ्या ओळी ग्रेपने गाळा. डब्ल्यूचॅनमध्ये थ्रेड कर्नलच्या कुठल्या फंक्शनमध्ये अडकला ते नाव येतं, इथे आरपीसीचं (एनएफएसच्या नेटवर्क विनंतीचं) होतं, म्हणजे बोट थेट नॅसकडे.

साधारण पन्नास मिनिटांनी नॅस उठला आणि सगळे थ्रेड आपोआप सुटले, टॉमकॅटला हात लावला नाही. पंधरा मिनिटांनी लोडचा पहिला आकडा (एका मिनिटाचा) ०.६, तिसरा (पंधरा मिनिटांचा) अजून ८.५. तिसरा आकडा मुद्दामच सावकाश उतरतो, तो पाहून पुन्हा धावपळ करू नये. नॅस यूपीएसच्या लाइनवर घेतला.

२७ मार्च

जावाची थ्रेडसंख्या, वहीतून: १७ मार्च ९६, २० मार्च १३१, २४ मार्च १६८, आज २१४. कधीच खाली आलेली नाही. टॉमकॅटचे कामगार गर्दी ओसरली की कमी होतात, म्हणजे वाढ दुसरीकडे आहे. मार्चअखेरमुळे वापर जास्त, हे खरं, पण वापर रात्री शून्यावर येतो आणि हा आकडा येत नव्हता.

प्रॉक फोल्डरमध्ये जावाच्या टास्क फोल्डरखालच्या सगळ्या कॉम फाइली वाचून क्रम लावला. 'पूल-४७-थ्रेड-', 'पूल-४८-थ्रेड-', असं करत 'पूल-११८-थ्रेड' पर्यंत. जावात एक्झिक्युटर बनवताना नाव दिलं नाही की ते 'पूल-क-थ्रेड-ख' असं पडतं. क हा पूलचा (थ्रेडच्या ताफ्याचा) क्रमांक, ख त्यातल्या थ्रेडचा. इथे पंधरा अक्षरांची कात्री मदतीला आली म्हणायची: ख कापला गेला तरी क शाबूत राहतो. आणि ख वाढण्याऐवजी क वाढत असेल, तर दर कामाला नवा पूल उघडला जातो आहे आणि जुना कुणी बंद करत नाही. जेस्टॅकमध्ये सगळे रिकाम्या रांगेपुढे नव्या कामाची वाट पाहत उभे. लॉट बंद करताना निघणाऱ्या अहवालाच्या कोडमध्ये न्यू-फिक्स्ड-थ्रेड-पूल सापडला, शटडाउन नव्हतं.

मेमरीवर याचा परिणाम जवळजवळ दिसला नाही, म्हणूनच इतके दिवस कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. प्रत्येक थ्रेडसाठी व्हर्टमध्ये (नुसती राखून ठेवलेली मेमरीही धरणारा रकाना) मूळ सेटिंगने १ एमबी स्टॅक राखीव होतो, पण रेसमध्ये त्यातला वापरलेला थोडाच भाग येतो. शेवटी आदळतं ते संख्येच्या मर्यादेवर. सिस्टमडीची (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) टास्क्समॅक्स ही मर्यादा थ्रेड धरून मोजते, आणि युलिमिट -यू ही 'कमाल युजर प्रोसेस' म्हणवली जात असली तरी थ्रेडच मोजते. या यंत्रावर सिस्टमडीची मर्यादा सुमारे ३८ हजार असल्याने घाई नव्हती. कमी मर्यादेच्या यंत्रावर 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' असा आउट-ऑफ-मेमरी दोष येतो, आणि लोक पुन्हा रॅमच्या मागे लागतात.

२९ मार्च

कोड दुरुस्त झाला: पूर्ण अनुप्रयोगासाठी चार थ्रेडचा एकच पूल, थ्रेडचं नाव इंग्रजी अक्षरांत 'अहवाल-१' ते 'अहवाल-४'. रात्री ९ ला बसवला. सुरू झाल्यावर ९५, पंधरा अहवाल काढल्यावर ९९, त्यापुढे हलला नाही.

१ एप्रिल

स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय), दर पाच मिनिटांनी. पहिल्या मसुद्यात पीएस -ईएफ, ग्रेप जावा, डब्ल्यूसी -एल अशी साखळी होती. ती स्वतःच्या ग्रेपची ओळही मोजते आणि कुणी जावा नावाची लॉग फाइल उघडून बसला असेल तर त्यालाही. काढून टाकली. आता:

जावा थ्रेड: पीआयडी सिस्टमसीटीएल शो च्या मेनपीआयडीमधून, मग स्टेटस फाइलीतली 'थ्रेड्स' ओळ. इशारा २६० ला. कामगार जास्तीत जास्त २००, जेव्हीएमचे (जावा यंत्रणेचे) स्वतःचे आणि इतर मिळून पन्नासच्या आसपास.
पोस्टग्रेस: पीग्रेप -सी -एक्स पोस्टग्रेस, त्यातून सात वजा. इशारा ८० ला, जोडण्यांची मर्यादा १०० आहे.
अपाची: टास्क्सकरंट. सलग तीन वेळा १६३ आला तर.
डी अवस्था: पाचपेक्षा जास्त थ्रेड सलग दोन वेळा. एकदाच दिसणारा डी म्हणजे डिस्कचा नेहमीचा श्वास, त्यावर फोन वाजवू नये.

वहीचे नवे रकाने: वेळ, लोडचे तीन आकडे, जावा थ्रेड, जावा रेस (एकच ओळ, थ्रेड लपवून), पोस्टग्रेस जोडण्या, अपाची टास्क, डी. व्हर्टचा रकाना काढला. आज दुपारी २ ची पहिली नोंद: ०.७, ०.६, ०.६, १०१, ४.२ जीबी, २०, ५५, ०.